फाईल खंय गेली?

सरांनी क्लासच्या दारावर नवा फलक लावला, त्या दिवसापासून माझं डोकं दुखायला लागलं. फलकावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तीन महिन्यांत स्वतःची वेबसाईट स्वतः बनवा. कुणीही शिकू शकतो.' शिकवणार होते मी, आणि हे 'कुणीही' लिहिताना मला कुणीही विचारलं नव्हतं.

२००५ च्या आसपासची गोष्ट. मालवणच्या बाजारात, जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर आमचा क्लास होता. सर म्हणजे क्लासचे मालक. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. दिवस बदलले तशी त्यांनी टाईपरायटर मागच्या खोलीत रचून ठेवले आणि संगणक आणले. मी कणकवलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, पुण्यात वर्षभर वेब डिझाईन शिकले आणि घरच्या कारणाने परत आले. वेबसाईट बनवता येणारं माणूस आयतं मिळालं म्हटल्यावर सरांनी आधी फलक रंगवायला दिला आणि मग मला कामावर घेतलं.

संगणक पाच होते. त्यातले चालू कधी चार, कधी तीन. खाऱ्या हवेने त्यांच्या पोटातल्या मेमरीच्या पट्ट्यांना बुरा यायचा. मग मी झाकण उघडून, पट्टी काढून, तिचे दात पेन्सिलच्या खोडरबराने घासायचे आणि परत बसवायचे. पुण्यात शिकलेल्या विद्येपेक्षा मालवणात सगळ्यात जास्त उपयोगी पडत होतं ते हे खोडरबर, जे मला पुण्यात कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळे वेळेवर आले. मी फळ्यावर टॅग लिहिले. हे उघडायचं, हे बंद करायचं, मधे आपला मजकूर. माणसं हुशार होती, भराभर लिहून घेत होती. मला वाटलं, चला, जमतंय. म्हटलं, "आता हेच नोटपॅडमध्ये लिहा आणि फाईल सेव्ह करा."

सगळ्यांनी लिहिलं. सेव्ह केलं असंही सगळ्यांनी सांगितलं. तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाचा काळ होता, वीज जाणारच होती. ती परत आली, संगणक कुरकुरत सुरू झाले, आणि त्या खोलीत एकालाही आपली फाईल सापडेना.

"गो बाय," कोपऱ्यातल्या काकी ओरडल्या, "माझी फाईल खंय गेली?"

"कुठे सेव्ह केली होतीत, काकी?"

"हंयच."

"हंय म्हणजे कुठे?"

"हंय म्हणजे ह्या डब्यात!" आणि त्यांनी पडद्याच्या डोक्यावर अशी थाप मारली की शेजारच्या संगणकाचा उंदीर उडाला.

मी एकेकाच्या संगणकावर बसून शोधत गेले. एकाची फाईल पत्त्यांच्या खेळाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली होती. दुसऱ्याची थेट यंत्रणेच्या पोटात, जिथे हात लावायला मलाही भीती वाटायची. काकींची मात्र कुठेच नव्हती. खोदून विचारलं तेव्हा कळलं की बंद करताना पडद्यावर 'सेव्ह करायचं का?' असा जो प्रश्न आला, त्याला त्यांनी 'नाही' म्हटलं होतं.

"का हो, काकी?"

"इचारता म्हणजे कायतरी चुकला असतला. मी म्हटलंय, नको बाबा."

मी पाणी प्यायले आणि खिडकीतून खालचं जाळ्यांचं दुकान बघत बसले.

या काकी तारकर्लीच्या. नवरा होडीवर जायचा, त्या कित्येक वर्षं बाजारात मासे विकायच्या. पर्यटक यायला लागले तशा त्यांनी घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आणि माणसं ठेवायला सुरुवात केली. जेवण इतकं छान करायच्या की एकदा आलेली माणसं दुसऱ्यांना सांगायची. पण ती दुसरी माणसं मालवणच्या स्टँडवर उतरली की रिक्षावाला त्यांना भलत्याच घरी नेऊन पोचवायचा. 'त्या काकी का? तेंच्याकडे आता बंद आसा,' असं बेधडक सांगून. काकींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लोकांका आपल्या घरात बसान माझा घर दिसूक होया. अंगण, पडवी, माड, सगळा. मगे कोण तेंका फसवता तां बघतंय." एवढी सरळ गरज मी पुण्यातही कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. म्हणूनच जास्त चीड यायची. बाईला काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं, मला ते कसं करायचं ते ठाऊक होतं, आणि आमच्या दोघींच्या मधे 'सेव्ह' नावाची एक भिंत उभी होती.

दुसरे अण्णा. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून नोकरी केलेले आणि नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना त्यांच्या गावच्या देवळाची वेबसाईट करायची होती, जत्रेच्या माहितीसकट. अण्णा दहाही बोटांनी, मान वर ठेवून टाईप करायचे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. बाकीचे कौतुकाने बघत राहायचे आणि अण्णांना ते ठाऊक असायचं. पण उंदराला ते हात लावायचे नाहीत. लावलाच तर दोन बोटांत, शेपटीला धरल्यासारखा. ओळ संपायच्या आधी त्यांना घंटा ऐकू यायची, ती टाईपरायटरची घंटा जी आता कुठेच वाजत नव्हती, आणि ते एंटर ठोकायचे. शीर्षक मधोमध यावं म्हणून मोजून मोकळ्या जागा सोडायचे. मी सांगायचे, "अण्णा, ब्राउझर या मोकळ्या जागा धरत नाही. टॅग लावा." ते म्हणायचे, "मॅडम, मधोमध म्हणजे मधोमध. मामलेदारांनी कधी नावं ठेवली नाहीत."

दुसऱ्या आठवड्यात काहींच्या फायली सापडायला लागल्या, पण वेबसाईट दिसेना. नोटपॅड स्वतःच्या मर्जीने नावापुढे 'टीएक्सटी' चिकटवायचं आणि संगणक ते शेपूट लपवून ठेवायचा. म्हणजे नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' दिसायचं, आणि असायचं 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी'. दोनदा क्लिक केलं की परत नोटपॅडच उघडायचं. काकींनी मोठ्या उत्साहाने दोनदा क्लिक केलं, वाकून बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं.

"बाय, ह्या तर माझाच लिवलेला दिसता. वेबसाईट खंय आसा?"

त्या दिवशी क्लास सुटल्यावर मी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, यांना आधी पंधरावीस दिवस नुसतं संगणक वापरायला शिकवूया. फोल्डर करणं, फाईल ठेवणं, शोधणं, नाव बदलणं, नक्कल करणं, मेल पाठवणं. हे येत नाही तोवर वेबसाईट शिकवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला होडी बांधायला शिकवणं आहे."

सर हसले. "मॅडम, लोक वेबसाईट शिकायला आलेत. तुम्ही त्यांना कप्पे लावायला बसवणार? उद्या एक माणूस येणार नाही."

"पण येऊन करतात काय? फाईल हरवतात."

"हरवू देत. तुम्ही शोधून द्या. त्यासाठीच तर तुम्ही आहात."

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक टॅग लिहून ठेवायला लागले. सर जिना चढून आलेच तर दिसायला. खाली प्रत्यक्षात चालायचं ते फोल्डरचंच.

तिथेही सोपं काहीच नव्हतं. पुण्याच्या आमच्या मास्तरांनी फोल्डर म्हणजे कपाटाचा कप्पा असं शिकवलं होतं. मी तेच सांगितलं. काकी म्हणाल्या, "माझ्या कपाटात एकच कप्पो आसा. सगळा थंयच." मग मी माशांच्या टोपल्यांचं उदाहरण दिलं, एका टोपलीत बांगडे, एकीत पेडवे, आणि त्या दोन्ही एका मोठ्या टोपलीत. आपल्याला फारच छान सुचलं असं मला वाटलं. तर काकी म्हणाल्या, "टोपलेत टोपली कोण ठेवता, गो? खालचे मासळेचो चेंदो जातलो." अण्णांना कचेरीतल्या फायलींचं उदाहरण दिलं तर ते म्हणाले की कचेरीत फाईल ठेवायचं काम कारकुनाचं, टंकलेखकाचं नव्हे. शेवटी मी उदाहरणं सोडली. रोज आल्याआल्या प्रत्येकाने नवा फोल्डर करायचा, त्यात फाईल ठेवायची, संगणक बंद करायचा, परत सुरू करायचा आणि ती फाईल उघडून मला दाखवायची. दाखवल्याशिवाय पुढे नाही. सगळे वैतागले. मी त्यांच्याहून जास्त वैतागले होते, त्यामुळे माझंच चाललं.

या कवायतीने बरंच सुधारलं. काकींनी प्रश्नाला 'हो' म्हणायची सवय लावून घेतली. त्यांचं पान तयार होत आलं. स्टुडिओवाल्याकडून त्यांनी घराचे फोटो सीडीवर आणले, मी ते संगणकात घेतले, पानावर लावायला शिकवलं. अंगण, तुळस, मागचे माड आणि माडांच्या फटीतून थोडासा समुद्र. काकी पडद्यासमोर हात जोडून बसल्यासारख्या बसल्या. "माझाच घर," म्हणाल्या, "पण बरा दिसता."

मग त्यांनी मला न विचारता ते पान फ्लॉपीवर घेतलं आणि एसटीने कणकवलीला गेल्या, भावाला दाखवायला. भावाच्या ओळखीचं एक सायबर कॅफे होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या पायऱ्यांवरूनच बोलत.

"माझो भाव हसाक लागलो माका! फोटोच्या जागेर चौकोन, आनी चौकोनात तांबडी फुली! हंयसर आसा तो फोटो थंय कित्याक नाय?"

"काकी, फ्लॉपीवर काय काय घेतलं होतंत?"

"पान."

"आणि फोटो?"

"फोटो पानातच आसा मां?"

"नाही. पानात फोटो नसतो. फोटो कुठे ठेवलाय तेवढंच पानात लिहिलेलं असतं. तुम्ही पान नेलंत आणि फोटो इथेच राहिला."

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू महिनाभर मी त्यांना फसवत होते. "पानात फोटो नसता? मगे माका दिसता तां काय?"

मला ते चारदा समजवावं लागलं. चौथ्यांदा माझा आवाज चढला. काकींचाही चढला. अण्णा मधे पडले आणि म्हणाले की सरकारी पत्रालासुद्धा सहपत्र वेगळं जोडावं लागतं, नाहीतर पत्र परत येतं. काकींना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण पुढे त्या पान नेताना अख्खा फोल्डरच नेऊ लागल्या.

मे महिन्याच्या शेवटी शिरोड्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मी चार दिवसांसाठी गेले. जाताना सरांना सांगितलं की काकींचं पान जवळजवळ झालंय, आल्यावर एकदा नीट तपासून इंटरनेटवर चढवते. सरांना दम धरवला नाही. नवीन तुकडीसाठी पत्रकं छापायची होती आणि त्यात 'आमच्या विद्यार्थिनीची वेबसाईट पाहा' असं त्यांना लिहायचं होतं. मजकुराच्या शेवटी पत्ता, फोन आणि ईमेल घालायचं राहिलं होतं. काकींचं टाईपिंग म्हणजे एकेका अक्षराची शोधाशोध. सर अण्णांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही एका मिनिटात टाकाल." अण्णांनी अर्ध्या मिनिटात टाकलं. सरांनी फोन लावून इंटरनेट जोडलं आणि पान चढवून दिलं.

मी परतले तेव्हा पेढे वाटून झाले होते. पान उघडून बघितलं. फोटो जागेवर होते, फोन नंबर बरोबर, ईमेलचा पत्ताही नजरेला बरोबर. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पावसाळ्यात तारकर्लीला कोण येतंय? ते चार महिने काकी शांत होत्या. पण गणपती झाले, दसरा झाला, तशा त्या बाजाराला आल्या की माडीवर चढायच्या आणि मेल बघायला बसायच्या. हे मात्र त्या एकट्याने करायच्या, नाव, पासवर्ड, सगळं. मी दुरून बघायचे. पेटी उघडायची, आत कसल्यातरी इंग्रजी जाहिराती असायच्या, त्या एकेक उघडून बघायच्या, चुकून पाहुणे असतील तर म्हणून.

"कोणाची मेल नाय गो?"

"येईल, काकी. वेळ लागतो."

"गेल्या वर्साक ह्या दिवसात दोन खोलये भरलेले. वेबसाईट नसताना."

फोनही येत नव्हते, कारण त्यांच्या वाडीतली टेलिफोनची तार पावसात तुटली होती आणि ती जोडायला माणूस येत येत होता.

मग दिवाळीची सुट्टी लागली. जुनी ओळखीची माणसं आली, काकींच्या दोन्ही खोल्या भरल्या. आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या माडीच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. सर तेव्हा एका नव्या विद्यार्थ्याच्या वडिलांना माहिती देत होते. काकी दारात उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, डोळे जागरणाचे.

"तुझी ती वेबसाईट घाल चुलीत!"

"काय झालं, काकी?"

"काय झाला? काल तिनसांजेक नाशकाची माणसां दारात! घोव, बायल, दोन पोरां, म्हातारी. म्हणतत, आमी दोनदा मेल केलव, उत्तर नाय इला, मेल परत इली, फोन लागना नाय, म्हणान सरळ इलव. वेबसायटीर तुमचा घर बघून इलव! तेंका खंय ठेवू? माझ्या डोक्यार? आमची खोली दिलंय तेंका. मी, माझो घोव, पोरां, सगळी पडवीत निजलव. ती म्हातारी सगळी रात खोकता होती, आनी माका लाजेन झोप नाय. लोक मेल करतत, आनी माका पत्तो नाय!"

खालचा जाळ्यांच्या दुकानाचा मालक बाहेर येऊन वर बघत होता. नव्या विद्यार्थ्याचे वडील हळूच उठले आणि निघाले. सरांनी त्यांना 'जरा बसा ना' म्हटलं, पण ते बसले नाहीत.

मी काकींना खुर्ची दिली आणि पान उघडलं. त्यावरच्या ईमेलवर क्लिक करून एक मेल पाठवली. थोड्या वेळाने परत आली, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. मग तोच पत्ता मी स्वतः टाईप करून दुसरी मेल पाठवली. ती काकींच्या पेटीत बरोबर जाऊन पडली. पडद्यावर दोन्ही पत्ते शेजारी ठेवले. अक्षराला अक्षर जुळत होतं. काकी बघत होत्या, मी बघत होते, सर मागून वाकून बघत होते. काही म्हणजे काही फरक दिसेना.

काकींच्या घराचं नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलं होतं, म्हणून मेल उघडताना आम्ही नावाच्या शेवटी एकाचा आकडा लावला होता. मला एकदम शंका आली. मी त्या पत्त्याचा फॉन्ट बदलून तो वेगळ्या वळणाच्या अक्षरांत बघितला. शेवटी एक नव्हता. तिथे इंग्रजीतला छोटा 'एल' उभा होता.

देवळाचं पान पुरं करायला अण्णा अजून सकाळी यायचे, ते त्यांच्या वेळेवर, साडेदहाला आले. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं.

"अण्णा, हे काय आहे?"

"एक."

"हा एल आहे."

"दिसतो कसा?"

"एकासारखा."

"मग एक आहे."

"अण्णा, एक टाईप करताना तुम्ही कुठली कळ दाबता?"

त्यांनी न बघता उजवी अनामिका उचलली आणि 'एल'वर ठेवली. "आमच्या मशीनवर एकाची कळच नव्हती, मॅडम. सगळे असाच एक काढायचे. उभी नोकरी मी असाच एक टंकलाय. जमिनीची कागदपत्रं, कोर्टाची पत्रं, सगळं. कुणाचं अडलं नाही."

"ते कागद माणसं वाचत होती. हे यंत्र वाचतं. त्याला आकार दिसत नाही, कुठली कळ दाबली तेवढंच कळतं."

"म्हणजे माझं चुकलं?"

मी काही बोलायच्या आत काकी बोलल्या, "अण्णानू, तुमच्या एका अक्षरापायी माझ्या घरात म्हातारी खोकता आसा."

अण्णांचा चेहरा लाल झाला. कचेरीची सगळी प्रमाण मराठी गळून पडली. "माका शिकवतस? माझा जल्म गेलो टायपिंगात! दिसता एक, तर एकच असतलो! तुमचा मशीनच फाल्तू!" छत्री उचलून ते निघून गेले.

मी तो 'एल' पुसला, तिथे एक घातला, इंटरनेट जोडायला घेतलं. लाईन तीनदा तुटली. दुपारच्या जेवणाच्या वेळेला कधीतरी पान परत चढलं. काकी तोवर तिथेच बसून होत्या. कोळंबी घ्यायला बाजारात जाताना एवढंच म्हणाल्या, "नाशकाच्या माणसांका जेवणात सुंगटा व्हयी आसत. जातंय."

त्या संध्याकाळी मी सरांसमोर परत उभी राहिले. या वेळी माझ्याकडे वाद घालायची ताकद नव्हती. म्हटलं, "पुढच्या तुकडीला आधी तीन आठवडे पूर्वतयारी. नाहीतर दुसरं माणूस बघा." सरांना माझं म्हणणं पटलं असं मला अजूनही वाटत नाही. पण काकींचा आवाज अर्ध्या बाजाराने ऐकला होता, आणि 'त्या क्लासात शिकलेल्यांची मेल परत येते' असं मासळीबाजारापर्यंत पोचलं होतं. "करा," म्हणाले, "पण फलक बदलणार नाही."

अण्णा पंधरा दिवस फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, आपल्या जागेवर बसले आणि मला हाक न मारता देवळाचं पान उघडलं. मी लांबून बघत होते. शोधायची खिडकी उघडून ते एकेक 'एल' शोधत होते. जत्रेच्या तारखा, जीर्णोद्धाराची सालं, विश्वस्तांचे फोन नंबर, सगळीकडे तेच. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, पुसायचे आणि वरच्या रांगेतल्या एकाच्या कळीवर करंगळी नेऊन ठेवायचे. ती करंगळी तिथे सहज जात नव्हती. दर वेळी त्यांना मान खाली घालून बघावं लागत होतं. मान खाली घालून टाईप करताना मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी चहा मागवला आणि त्यांच्या शेजारी ठेवला. "साखर कमी आहे," म्हणाले, आणि प्यायले.

पूर्वतयारीच्या पहिल्या तुकडीत व्हायची ती रड झालीच. 'आम्ही वेबसाईटला आलोय, हे काय पोरखेळ' म्हणून दोघांनी सोडलं. राहिले त्यांनीही रोज तक्रार केली. काकी बाजारातून येता-जाता मधेच माडीवर चढायच्या, कुणाच्यातरी मागे उभ्या राहायच्या आणि न विचारता शिकवायच्या. "इचारता तेका 'हो' म्हण रे. 'नाय' म्हटलंस की मेलास." एकदा असंच एकाला सांगून त्यांनी त्याच्या अख्ख्या फोल्डरला कचऱ्यात पाठवलं, कारण त्या वेळचा प्रश्न 'खोडून टाकू का?' असा होता. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "तूच शिकवलंस 'हो' म्हणाक!" शब्दाला शब्द खरं होतं ते. पुढचा अर्धा तास मी फोल्डर परत काढण्यात घालवला आणि मग सगळ्यांना आधी प्रश्न वाचायचा, मग उत्तर द्यायचं हे शिकवायला बसले. ते तर मी शिकवायचं विसरूनच गेले होते.

डिसेंबरात काकींना पहिली खरी मेल आली, नाताळच्या सुट्टीत खोली मिळेल का म्हणून विचारणारी. उत्तर लिहायला त्यांना दुपार लागली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, सगळी अक्षरं मोठी, मधे एकही मोकळी जागा नाही. मी म्हटलं, "शब्दांच्या मधे जागा सोडा, काकी, ते वाचणार कसे?" त्या म्हणाल्या, "येवचा आसात तर वाचतले." वाचलं त्यांनी. आलेही.

त्याच सुट्टीत एका रविवारी काकींनी मला जेवायला बोलावलं. अंगणात पाहुणे बसले होते, काकी सोलकढी वाढत होत्या. त्यातल्या एका बाईंनी वेबसाईट फार छान आहे, कुणी बनवली, असं विचारलं. काकींनी हातातला डाव माझ्याकडे रोखला.

"मीच केलंय. हिणा शिकवल्यान," त्या म्हणाल्या. मी थोडी ताठ झाले. "चेडू हुशार आसा. पण मेल्याचा तोंड! माझी सासू बरी, इतक्या ओरडता."

पाहुणे हसले. मी माझ्या ताटातला बांगडा उलटला आणि खाली मान घालून काटे काढत बसले.